कुलूप घर पाहून लागते

मे २०२४ नंतर काही महिने महाराष्ट्रात ‘निबंध’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. १९ मेच्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श गाडीने एका मोटारसायकलला उडवले. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणास मुकले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. आजोबांनी हमी घेतली आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट घातली गेली. लोक खवळले. पुढे मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा त्या संतापाला आणखी धार आली. संताप रास्तच होता. पैशाने रक्तसुद्धा बदलता येते असे ज्या समाजाला वाटू लागते, त्याने चिडलेच पाहिजे.

पण चिडून आपण मागितले काय? वय खाली आणा, मोठा समजून खटला चालवा, आत टाका! चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत हाच सूर होता आणि आपले मुस्लिम सुशिक्षितही त्याला अपवाद नव्हते. या मागणीशी माझे भांडण आहे. श्रीमंताच्या मुलाला कायद्याप्रमाणे जामीन मिळाला, हा अन्याय नव्हे. तोच कायदा, तेच कलम, तोच जामीन गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचत नाही, हा अन्याय आहे. श्रीमंताच्या मुलावरच्या रागातून आज जे कुलूप आपण मागतो आहोत, ते उद्या लागेल गरिबाच्या मुलाला. कारण मुलांसाठी केलेले कुलूप गुन्ह्याच्या आधी घर पाहते.

त्याच पुणे शहरातले आणखी एक मूल घेऊ. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका घरातील सात जणांची हत्या झाली. अतिशय अमानुष असे ते हत्याकांड होते, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पकडलेल्यांमध्ये राजस्थानातून आलेला एक मुलगा होता. कागदोपत्री त्याचे वय विशीचे लागले आणि तेच खटलाभर चालले. १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या गावच्या शाळेतील नोंद ग्राह्य धरून मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे आणि काही महिन्यांचा होता. बारा वर्षांच्या मुलाला कायदा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेषगृहात ठेवू देतो. हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. त्यातली बरीचशी वर्षे फाशीची वाट पाहण्यात गेली.

पहिल्या मुलाचे वय काही तासांत सिद्ध झाले, दुसऱ्याचे सिद्ध व्हायला अठ्ठावीस वर्षे लागली. पहिल्याच्या मागे आजोबा होते, वकील होते, दाखल्यांची फाइल होती. दुसऱ्याच्या मागे काय होते? एका दूरच्या गावच्या शाळेतले रजिस्टर, जे कुणी उघडून पाहिले नाही.

हा अपवाद आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. माहिती अधिकारातून मिळवलेल्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशातील तुरुंगांमधून निदान ९,६८१ मुले ‘ही तर मुले आहेत’ असे उशिरा लक्षात आल्यावर बाहेर काढावी लागली, असे त्यात आढळले. कायद्याचे कलम १० स्वच्छ शब्दांत सांगते, की मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही. तरीही ही मुले आत होती. आता आपल्या खेड्यापाड्यांतली रीत आठवा. दाखला नसलेल्या मुलाला गुरुजी शाळेत घेतात आणि जन्मतारीख लिहून टाकतात, १ जून. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, त्यावर आपण विनोद करतो. पण गुरुजींनी अंदाजाने टाकलेले ते साल एका वर्षाने मागे-पुढे झाले, तर सतरा वर्षांचा मुलगा अठरांचा होतो आणि निरीक्षणगृहाऐवजी तुरुंगाच्या बराकीत जातो. ज्याच्या घरात नगरपालिकेचा जन्मदाखला प्लॅस्टिकच्या आवरणात जपून ठेवलेला असतो, त्याला हा विनोद कधी महागात पडत नाही.

घर पाहून कुलूप लावण्याची ही रीत जुनी आहे. फ्रान्समध्ये मेत्रे येथे १८४० साली मुलांची एक वसाहत सुरू झाली. मिशेल फुको या विचारवंताने आधुनिक तुरुंगव्यवस्था पूर्ण झाली ती त्या दिवशी, असे म्हटले आहे. तिथे न्यायालयाने निर्दोष सोडलेली मुलेही ठेवली जात, कारण त्यांच्या घरी त्यांना सांभाळण्याची ऐपत नाही असे ठरवलेले असे. गुन्हा नाही, पण कोठडी आहे! इंग्लंडमध्ये सुधारशाळांची चळवळ उभी करणाऱ्या मेरी कार्पेंटर यांनी १८५१ साली जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘धोकादायक वर्गांची मुले’ आहेत. मूल धोकादायक असण्याच्या आधी त्याचा वर्ग धोकादायक ठरला होता. याच बाई पुढे १८६६ मध्ये भारतात आल्या आणि इथेही सुधारशाळा हव्यात असा आग्रह त्यांनी धरला. त्यांचा हेतू चांगला होता. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे काढावे ही त्यांची तळमळ खरीच होती. पण चांगल्या हेतूने केलेले कुलूपही कुलूपच असते.

आपल्याकडे १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. आणि १८९७ सालीच गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती होऊन चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार वसाहतीत ठेवण्याची सोय झाली. चार वर्षांच्या मुलाने कोणता दरोडा घातला होता? त्याचा गुन्हा एकच, तो ज्या घरात जन्मला ते घर. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट महाराष्ट्राला माहीत आहे. १९५२ साली ते कुंपण कायद्याने उठले. पोलिसांच्या डोक्यातले उठले काय, हे पारध्यांच्या कोणत्याही पालावर जाऊन विचारावे.

दरम्यान पाट्या बदलत गेल्या. मुंबईच्या डोंगरीतल्या जुन्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. पुढे तीच जागा मुलांसाठी दिली गेली आणि तुरुंगाचे ‘रिमांड होम’ झाले. आता कायद्याच्या भाषेत ते ‘निरीक्षणगृह’ आहे. मुलांचेही नामकरण झाले. कालचा ‘बालगुन्हेगार’ आज ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शब्द सभ्य झाले याचे मला वाईट वाटत नाही, ते व्हायलाच हवे होते. पण ज्या मुलाला रात्री दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज येतो, त्याच्या लेखी पाटीवर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

समाजशास्त्राने ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीच सांगितली आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली वेड्यांची इस्पितळे, तुरुंग, बराकी अशा सगळ्या बंद संस्थांचा एकत्र विचार केला. उठणे, जेवणे, झोपणे हे सारे एकाच छताखाली, एकाच अधिकाऱ्याच्या घंटेवर सुरू झाले, की माणूस त्या संस्थेत राहायला शिकतो, बाहेर जगायला नाही. मग सोळाव्या वर्षी आत गेलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी बाहेर येऊन नेमका काय शिकलेला असेल? अॅरन सिक्युरेल यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियातील दोन शहरांत पोलीस आणि परिविक्षा अधिकारी मुलांविषयी निर्णय कसा घेतात हे बारकाईने पाहिले. मध्यमवर्गीय आईबाप येतात, बोलतात, आश्वासन देतात, डॉक्टर गाठतात आणि मूल घरी नेतात. गरिबाच्या मुलाविषयी बोलायला कुणी येत नाही, म्हणून त्याची फाइल बोलते. कृत्य सारखेच असले, तरी एकाचा ‘खोडकरपणा’ होतो आणि दुसऱ्याचा ‘गुन्हा’. अँथनी प्लॅट यांनी पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत ‘मुलांना वाचवणाऱ्या’ सुधारकांनी मुख्यतः स्थलांतरित गरिबांच्या मुलांवर देखरेख ठेवण्याची यंत्रणा उभी केली.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालानुसार ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली होती. यावर कुणी म्हणेल, गरिबी मुलांना गुन्ह्याकडे ढकलते. थोडेसे खरे आहे. पण उरलेले अर्धे सत्य असे, की बंगल्यातल्या मुलाने केलेली चोरी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटते, मारामारी सोसायटीच्या बैठकीत मिटते, नशा समुपदेशकाकडे जाते. झोपडपट्टीतल्या मुलाच्या बाबतीत या तिन्ही जागी एकच माणूस उभा असतो, तो म्हणजे शिपाई. आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१५ च्या तुरुंग आकडेवारीत दोषी ठरलेल्या कैद्यांत मुसलमान १५.८ टक्के होते, तर खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्यांत २०.९ टक्के. २०११ च्या जनगणनेतील आपला वाटा १४.२ टक्के. म्हणजे पकडले जाण्याचे प्रमाण दोषी ठरण्याच्या प्रमाणापेक्षा बरेच मोठे. ही प्रौढांची आकडेवारी आहे, पण मुलांना पकडणारे हात त्याच पोलीस ठाण्यातले असतात.

कायदा वाईट आहे काय? नाही, आणि हीच सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम १२ सांगते, की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडावे. जामीनदार नसेल तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा एखाद्या ‘योग्य व्यक्ती’कडे सोपवावे. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर त्या सैल करण्यासाठी मूल पुन्हा मंडळासमोर आणावे. इतके सगळे लिहिलेले आहे. मग मुले आत का राहतात? कारण त्याच कलमात एक फट आहे. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल असे वाटले, तर जामीन नाकारता येतो. ही तरतूद मुलाच्या काळजीपोटी आहे. पण ती वाचली जाते कशी? परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपास अहवालात घर, कमाई, शेजार, आईबापांच्या सवयी यांचे रकाने असतात. बाप दारू पितो, आई धुणीभांडी करते, वस्ती बदनाम आहे, एवढे भरले की अहवाल तयार. मुलाची गरिबी हाच त्याला असलेला धोका ठरतो आणि त्या धोक्यापासून वाचवण्यासाठी त्याला कोंडले जाते.

‘काळजी’ या शब्दाचा हा अर्थ बिहारच्या ५९ मुलांनी २०२३ मध्ये महाराष्ट्रातच अनुभवला. ३० मे रोजी पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेतून मदरशात शिकायला निघालेल्या या मुलांना मानवी तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाड येथे उतरवून घेतले. त्यांना बालगृहांत ठेवले गेले आणि सोबतच्या शिक्षकांना अटक झाली. आईबाप बिहारहून येईपर्यंत, कागद तपासले जाईपर्यंत मुले बारा दिवस अडकून पडली. शिक्षक सुमारे चार आठवडे तुरुंगात होते. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी हा प्रकार गैरसमजातून झाल्याचे सांगून प्रकरण बंद केले. इतक्या लहान मुलांना शिक्षणासाठी हजार-दीड हजार किलोमीटर का जावे लागते, हा प्रश्न आपण आपल्या समाजाला विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर आपल्याला सुखावणारे नाही. पण वसतिगृहाच्या शाळेला निघालेली सुखवस्तू घरची मुले असती, तर त्यांना फलाटावर उतरवले गेले असते काय? एक फोन झाला असता आणि गाडी पुढे गेली असती.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार प्रश्न. सतरा वर्षांच्या मुलाने बलात्कार केला, खून केला, तर काय करायचे? पीडितेच्या आईला हा लेख वाचून दाखवायचा? प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर हाच प्रश्न देशाने विचारला. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वय खाली आणू नये असे सांगितले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अठरा वर्षांची मर्यादा कायम ठेवली. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये, त्या प्रकरणातील अल्पवयीन आरोपी सुटल्यानंतर दोनच दिवसांत, राज्यसभेने नवा कायदा संमत केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट त्याने उघडली.

या वाटेने कोण जाते आहे? घोर अपराध म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बेदरकार गाडी चालवून माणसे मारणे त्यात बसत नाही. पण लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा अठरांखालील मुलीची संमती मानत नाही, आणि तिथे किमान शिक्षा २०१९ पासून दहा वर्षे आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेलेला सतरा वर्षांचा मुलगा ‘घोर अपराधी’ होऊ शकतो. त्यातून दोघांची जात किंवा धर्म वेगळा असला, तर तक्रार कोण आणि कुणाविरुद्ध करतो हे मी सांगायला नको. पोर्शसाठी मागितलेले कुलूप कुठे जाऊन लागते ते इथे दिसते.

आणि कुलूप लावून भागते काय? अमेरिकेत १९९५ च्या सुमारास जॉन डिइयुलिओ या प्राध्यापकांनी निर्दय, हिंस्र मुलांची एक पिढी येत असल्याचे भाकीत केले. त्या काळात राज्यामागून राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात नेण्याचे कायदे कडक केले. ती पिढी आली नाही, मुलांचे गुन्हे उलट कमी झाले. भाकीत करणाऱ्यांनीच पुढे ते चुकल्याचे मान्य केले. २००७ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या कृतिगटाने अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की प्रौढांच्या व्यवस्थेत ढकललेली मुले पुढे अधिक हिंसा करतात. उलट मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी आपल्या मोठमोठ्या सुधारशाळा बंद केल्या, मुलांना छोट्या घरांत आणि देखरेखीखाली ठेवले, आणि त्यामुळे गुन्ह्यांची लाट काही आली नाही. तेव्हा पीडितेच्या आईला मी एवढेच सांगेन, की ज्या शिक्षेने पुढची मुलगी अधिक असुरक्षित होते, ती शिक्षा तिच्या मुलीच्या नावाने मागू नये. गंभीर गुन्हा केलेल्या मुलाला आजचा कायदाही मोकाट सोडत नाही. तो तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात ठेवू देतो. ती तीन वर्षे नीट वापरली जातात काय, तिथे शिक्षक आहे काय, मानसोपचारतज्ज्ञ येतो काय, हे आपण कधी विचारत नाही. आत टाकले की आपले समाधान होते.

पुण्याच्या प्रकरणातही शेवटी काय झाले ते लोक विसरले. जनक्षोभानंतर मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कोठडी बेकायदा ठरवून त्याला सोडले. गुन्हा कितीही गंभीर वाटला, तरी मुलाला मूल म्हणूनच वागवावे लागेल, असा त्या निकालाचा अर्थ होता. लोकांनी त्या निकालालाही नावे ठेवली. मी म्हणतो, तो निकाल कापून जपून ठेवा. एका मोठ्या घरच्या मुलासाठी झालेला तो निकाल मोबाइल चोरलेल्या, चाकू दाखवलेल्या, पळून गेलेल्या प्रत्येक गरीब मुलाच्या अर्जाला जोडला गेला पाहिजे. श्रीमंताच्या वकिलाने उघडलेला दरवाजा आपण रागाच्या भरात लावून घेण्याचे कारण नाही. त्यातून आपली मुले बाहेर काढली पाहिजेत.

आणि इथे आपल्या मोहल्ल्यालाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. मोठ्या, गाजलेल्या खटल्यांसाठी आपल्याकडे वर्गणी जमते, वकील उभे राहतात, जलसे होतात. पण गल्लीतला पंधरा वर्षांचा पोरगा दुचाकी चोरल्याच्या संशयावरून नेला, की जमातीचे जबाबदार लोक मान फिरवतात. ‘ती त्या बाजूची पोरं, नशेडी.’ कधी बापच पोलिसाला म्हणतो, ‘साहेब, चार दिवस ठेवा, सुधारेल.’ यतीम मुलांसाठी जकात काढणारे आपण, आत कोंडलेल्या मुलाला यतीम समजत नाही. त्याचे आईबाप जिवंत असले तरी त्या दारात तो यतीमच असतो.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक मुलाला मोफत वकिलाचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता प्रत्येक मशिदीच्या, वाचनालयाच्या, तरुण मंडळाच्या फलकावर लागावा. प्रत्येक वस्तीत मुलांचे जन्मदाखले काढून देण्याची मोहीम निघावी, १ जूनच्या भरवशावर कुणाचेही मूल सोडू नये. आणि निवृत्त शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, दुकानदारांनी, लिहित्या माणसांनी बाल न्याय मंडळापुढे जाऊन सांगावे, की या मुलाला आमच्याकडे द्या, आम्ही ‘योग्य व्यक्ती’ आहोत, त्याला शाळेत नेणे आणि तारखेला हजर करणे ही आमची जबाबदारी. कल्याणीनगरच्या मुलाला आजोबा होते म्हणून तो पहिल्याच दिवशी घरी गेला. ज्यांना असे आजोबा नाहीत, त्यांच्यासाठी मंडळासमोर हमी द्यायला मोहल्ल्याने उभे राहिले पाहिजे. तसे उभे राहायची आपली तयारी नसेल, तर निदान आणखी कुलपे तरी मागू नयेत.